तुमच्या पॅकेजमध्ये काय आहे ते आम्हाला सांगा

प्रति,
सहकारी बँका, पतसंस्था, रुग्णालये आणि नगरपालिकांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपन्यांचे तंत्रप्रमुख

महोदय, महोदया,



मी एका नागरी सहकारी बँकेचा संगणक विभाग सांभाळतो. खातेव्यवहार, चेक स्कॅनिंग, केवायसी, ग्राहकांना जाणारे एसएमएस, या प्रत्येक कामासाठी आमच्याकडे तुमच्यापैकी कुणाचं ना कुणाचं सॉफ्टवेअर चालतं. त्याच्याशिवाय सकाळी आमचं काउंटर उघडणार नाही. हे पत्र कुण्या एका कंपनीविरुद्ध नाही, म्हणून त्यात नाव घेतलेलं नाही. पण जे लिहितो आहे ते ईमेलवर, फोनवर, एएमसी नूतनीकरणाच्या बैठकीत वेळोवेळी सांगून झालं आहे. तिथून काही हललं नाही, म्हणून आता उघडपणे लिहितो.

तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही न लिहिलेला पुष्कळ कोड असतो. फोटो उघडायला, फाइल झिप करायला, कनेक्शन एन्क्रिप्ट करायला सी किंवा सी++ मध्ये लिहिलेल्या तयार लायब्ररी तुम्ही घेता आणि त्यांच्या प्रती आपल्या इन्स्टॉलरमध्ये घालता. यात गैर काही नाही. कुणीही शहाणा माणूस एन्क्रिप्शन स्वतः लिहायला बसू नये. माझी तक्रार त्यानंतरच्या वागण्याबद्दल आहे. प्रत ज्या दिवशी आत घातली त्या दिवशी ती जशी होती, तशीच वर्षानुवर्षं राहते. मूळ लायब्ररीत दोष सापडतो, दुरुस्ती होते, तो दोष कसा वापरायचा हेही काही दिवसांत जगजाहीर होतं, आणि आमच्या सर्व्हरवरची तुमची प्रत मात्र जुनीच असते.

आमच्या केवायसीचं उदाहरण घ्या. ग्राहक घरबसल्या पॅन कार्डाचा आणि स्वतःचा फोटो पाठवतो. तो आमच्या सर्व्हरवर येतो, तिथली एक सर्व्हिस तो उघडते, लहान करते आणि नव्या नावाने साठवते. म्हणजे इंटरनेटवरचा कुणीही अनोळखी माणूस आपल्या हाताने घडवलेली फाइल थेट त्या सर्व्हिसच्या पुढ्यात टाकू शकतो. या सर्व्हिसचं फोल्डर आम्ही उघडून पाहिलं. इन्स्टॉलरवर कंपनीची डिजिटल सही होती आणि तिची तारीख ताजी होती. आत झेडलिबच्या तीन प्रती तीन उपफोल्डरांत होत्या, बहुधा तीन वेगवेगळ्या टूलकिटांबरोबर आलेल्या. झेडलिब ही फाइल लहान करणारी लायब्ररी; पीएनजी फोटो, झिप, पीडीएफ, सगळीकडे तीच असते. तिच्या प्रत्येक प्रतीच्या पोटात आवृत्ती आणि सालं लिहिलेली असतात, आणि ‘स्ट्रिंग्ज’ ही साधी आज्ञा चालवली की ती दिसतात. एकीत निघालं: ‘डिफ्लेट १.२.११ कॉपीराइट १९९५-२०१७’. दुसरीत १.२.८, १९९५-२०१३. तिसरीत १.२.३, १९९५-२००५. शेजारी ओपनएसएसएलची डीएलएल होती. तिच्या आत लिहिलेलं होतं ‘१.०.२के, २६ जानेवारी २०१७’. ओपनएसएसएलच्या या १.०.२ शाखेचा सर्वांसाठीचा सपोर्ट ३१ डिसेंबर २०१९ रोजी संपलेला आहे.

या तिन्हींतली सर्वांत नवी झेडलिब, १.२.११, जानेवारी २०१७ ची. तिच्यात मेमरी बिघडवणारा एक दोष असल्याचं २०१८ मध्ये दाखवून दिलं गेलं आणि मूळ कोडमध्ये तो दुरुस्तही झाला. पण ती दुरुस्ती असलेली १.२.१२ ही आवृत्ती बाहेर पडली मार्च २०२२ च्या अखेरीस. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या एका दोषासाठी १.२.१३ आली. मूळ लायब्ररीकडूनच दुरुस्ती बाहेर यायला इतका वेळ लागू शकतो. ती आल्यावर पुढची वर्षं वाया न घालवणं तरी आपल्या हातात होतं.

हे आम्ही कळवलं तेव्हा उत्तर आलं, ‘आमचं प्रॉडक्ट टेस्टेड आहे. बँकेने ऑपरेटिंग सिस्टिम अपडेट ठेवावी.’

महोदय, हे उत्तर तांत्रिकदृष्ट्याच चुकीचं आहे, आणि ते तंत्रप्रमुखाच्या सहीने येतं याचं मला जास्त वाईट वाटतं. विंडोजवर प्रोग्रॅम सुरू होतो तेव्हा तो साधारणपणे आपल्याच फोल्डरमध्ये डीएलएल आधी शोधतो. तुमच्या फोल्डरमधली प्रत सापडली की सिस्टिमची प्रत तो पाहतही नाही. आम्ही दर महिन्याला इमानेइतबारे पॅच लावतो, ते सिस्टिमच्या प्रतीला लागतात. तुमच्या प्रतीला स्पर्शही होत नाही. हे आजचं दुखणं नाही. सप्टेंबर २००४ मध्ये विंडोजच्या जीडीआय प्लस या लायब्ररीत जेपीईजी फोटोंसंबंधीचा दोष निघाला. सिस्टिमचा पॅच देऊन भागलं नाही, कारण अनेक प्रोग्रॅमनी त्या डीएलएलची प्रत आपल्या फोल्डरमध्ये ठेवलेली होती. शेवटी मायक्रोसॉफ्टला दोष असलेलं सॉफ्टवेअर शोधून काढायला वेगळं टूल द्यावं लागलं.

लिनक्सवर आलो म्हणून सुटका होत नाही. तुमच्यापैकी बरेच जण आता पायथॉन वापरतात. पायथॉनचं पॅकेज तयार बायनरी स्वरूपात, म्हणजे ‘व्हील’ म्हणून येतं. ते कुठल्याही लिनक्सवर चालावं यासाठी त्याला लागणाऱ्या नेटिव्ह लायब्ररी त्याच्याच आत कॉपी केल्या जातात. इतर प्रतींशी गल्लत होऊ नये म्हणून फाइलच्या नावात आकडे-अक्षरांची एक लांब शेपटीही जोडली जाते. सोय मोठी आहे. २०१६ पासून ही पद्धत रुळली आणि पायथॉन वापरणाऱ्यांचे असंख्य तास वाचले. पण सर्व्हरवर ‘एपीटी अपग्रेड’ केलं तरी या आतल्या प्रती जागच्या हलत नाहीत. ऑडिटरचा स्कॅनर सिस्टिमच्या पॅकेजांची यादी वाचतो, त्या यादीत त्या नसतात. लायब्ररी स्टॅटिक लिंक करून एक्झीमध्येच मुरवलेली असेल, तर फाइलचं नावसुद्धा उरत नाही. व्हीएपीटीचा अहवाल स्वच्छ येतो, तो संचालक मंडळापुढे जातो, सगळ्यांना बरं वाटतं, आणि धोका होता तिथेच असतो.

सप्टेंबर २०२३ मध्ये काय झालं ते आपल्याला आठवत असेल. ॲपलची सुरक्षा टीम आणि टोरंटो विद्यापीठातली सिटिझन लॅब यांनी ६ सप्टेंबरला एक दोष कळवला, आणि ११ सप्टेंबरला गुगलने क्रोमची दुरुस्ती काढली. दोष क्रोमचा म्हणून नोंदला गेला. प्रत्यक्षात तो वेबपी फोटो उलगडणाऱ्या लिबवेबपी या लायब्ररीतला होता. मुद्दाम बिघडवून बनवलेला फोटो नुसता उघडला गेला तरी ठरलेल्या जागेबाहेर मेमरीत लिहिलं जात होतं, आणि हल्लेखोर त्याचा प्रत्यक्ष वापर करत होते. लिबवेबपी तर सगळीकडे आहे: ब्राउझरमध्ये, इलेक्ट्रॉनवर बांधलेल्या प्रत्येक डेस्कटॉप ॲपमध्ये, फोटो हाताळणाऱ्या बहुतेक पॅकेजांमध्ये. नोंद ‘क्रोम’ अशी असल्यामुळे ज्यांच्या उत्पादनात क्रोम नाही त्यांना वाटलं, आपला संबंध नाही. पुढे गुगलने लायब्ररीच्या नावाने वेगळा क्रमांक काढला, तोही आधीचीच नोंद पुन्हा झाली म्हणून रद्द ठरला.

त्याच आठवड्यात दुसरी गोष्टही घडली, आणि ती तुमच्या निदर्शनास आणणं मला फार गरजेचं वाटतं. पिलो हे पायथॉनमधलं फोटो हाताळणारं मुक्त पॅकेज. त्याच्या मोजक्या स्वयंसेवकांनी १५ सप्टेंबरला १०.०.१ ही आवृत्ती काढली, ती आतली लिबवेबपी बदलण्यासाठी. क्रोमच्या दुरुस्तीनंतर चौथ्या दिवशी.  असेच आणखी लोक आहेत. पायथॉनच्या क्रिप्टोग्राफी पॅकेजमध्ये ओपनएसएसएल आतच मुरवलेली असते. ओपनएसएसएलचा सुरक्षा अपडेट आला की ते आपली नवी व्हील काढतात. रुबीचं नोकोगिरी लिबएक्सएमएल२ बरोबर घेऊन फिरतं आणि तिच्यात दोष निघाला की आपल्या वापरकर्त्यांसाठी स्वतःची सूचना लिहितं. सायकोपीजी२ च्या दस्तऐवजात तर स्पष्ट सांगितलं आहे की तयार बायनरी डेव्हलपमेंटसाठी आणि चाचणीसाठी ठीक आहे, पण प्रत्यक्ष कामाच्या सर्व्हरवर सिस्टिमच्या लायब्ररी वापरून पॅकेज स्वतः बांधून घ्या. आतली प्रत ही आपली जबाबदारी आहे हे या मंडळींनी मान्य केलेलं आहे. तुमच्याकडे पगारी टीम आहे, तुम्हीही ते मान्य करावं एवढीच अपेक्षा आहे.

जबाबदारी कुणीच घेतली नाही तर काय होतं ते विनरारने दाखवलं. आमच्या प्रत्येक शाखेत कधी ना कधी ते होतंच. तुमच्याही कार्यालयात असेल. जुन्या एसीई प्रकारच्या फाइल उघडण्यासाठी त्यात यूएनएसीईव्ही२ नावाची डीएलएल होती. ती बाहेरून आलेली, २००५ नंतर न बदललेली, आणि तिचा सोर्स कोड विनरार बनवणाऱ्यांकडे नव्हता. फेब्रुवारी २०१९ मध्ये चेक पॉइंट या कंपनीच्या संशोधकांनी दाखवलं की घडवलेली फाइल उघडली की आतला प्रोग्रॅम तुम्ही सांगितलेल्या फोल्डरऐवजी थेट स्टार्टअप फोल्डरमध्ये जाऊन बसतो आणि पुढच्या लॉगिनला आपोआप चालतो. हा दोष एकोणीस वर्षं तिथे होता. सोर्स नसल्यामुळे दुरुस्ती शक्यच नव्हती. एसीईचा आधारच काढून टाकावा लागला. विनरार स्वतःहून अपडेट होत नसल्याने दोष जाहीर झाल्यानंतरही कित्येक संगणकांवर जुनी आवृत्ती राहिली आणि हल्लेखोरांनी तिचा भरपूर फायदा घेतला. एसीई फाइल आमच्याकडे कुणाला कधी लागली असेल असं मला वाटत नाही. न लागणाऱ्या सोयीसाठी ती डीएलएल प्रत्येक संगणकावर होती. तुमच्या इन्स्टॉलरमध्येही अशा डीएलएल आहेत, हे मी आमच्याच सर्व्हरवर पाहून सांगतो आहे. ज्या लागत नाहीत त्या काढून टाका. यात खर्च सर्वांत कमी आहे.

आता मागण्यांकडे येतो.

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची म्हणजे यादी. तुमच्या प्रत्येक आवृत्तीबरोबर आत कुठल्या लायब्ररी आहेत आणि त्यांची आवृत्ती काय, ही यादी द्या. एसबीओएम म्हणतात तिला. त्यात स्टॅटिक लिंक केलेल्या लायब्ररीही हव्यात आणि टूलकिटच्या पोटात आलेल्याही. औषधाच्या पट्टीवर बॅच नंबर असतो म्हणूनच खराब बॅच निघाली की दुकानदार नेमकी तीच काढून घेऊ शकतो. आम्हाला तेवढंच साधन हवं आहे. ही कल्पना नवी नाही. फेडोरामध्ये एखाद्या पॅकेजने दुसऱ्या लायब्ररीची प्रत आत ठेवली तर ती नावानिशी जाहीर करावी लागते. डेबियनचं धोरण तर अशा प्रती शक्यतो वापरूच नयेत असं आहे, आणि त्यांची सुरक्षा टीम कुठल्या पॅकेजमध्ये कुणाची प्रत आहे याची नोंद ठेवत आली आहे. ही पायाभूत शिस्त स्वयंसेवकांनी पाळून दाखवली आहे. तुमच्या बिल्डची यंत्रणा ठीक असेल तर यादी आपोआप तयार होते. ती तयार करता येत नसेल, तर आत काय आहे हे तुम्हालाही माहीत नाही असा त्याचा अर्थ होतो.

दुसरी गोष्ट उत्तरांबद्दल. जुनी लायब्ररी आहे म्हणजे प्रत्येक दोष लागू पडतोच असं नाही, हे मला मान्य आहे. ज्या फंक्शनमध्ये दोष आहे ते तुम्ही बोलावतच नसाल, तर धोका नाही. तसं असेल तर तसं लिहून द्या: कुठला दोष, आम्हाला का लागू नाही, कुणी तपासलं. ‘नॉट ॲफेक्टेड’ एवढे दोन शब्द म्हणजे उत्तर नव्हे. आमच्या बाजूनेही आंधळेपणा होतो. २०२३ मध्ये स्कॅनरने लाल खूण केली म्हणून अनेकांनी विंडोजच्या सिस्टिम फोल्डरमधून कर्लची एक्झी सरळ उडवली आणि नंतर विंडोज अपडेटच अडायला लागलं. कर्लचे लेखक डॅनियल स्टेनबर्ग यांना तसं करू नका असं जाहीरपणे लिहावं लागलं. विक्रेता नीट कारण देत नाही तेव्हा घाबरलेला ॲडमिन असं काहीतरी करून बसतो.

तिसरी तक्रार पैशांची आहे आणि ती मी स्पष्टच लिहितो. आतली लायब्ररी बदलायला सांगितली की तुम्ही तिला ‘चेंज रिक्वेस्ट’ म्हणता आणि कोटेशन पाठवता. किंवा म्हणता, नवीन व्हर्जन घ्या, त्यात सगळं नवीन आहे. नव्या व्हर्जनमध्ये स्क्रीन बदललेले असतात, रिपोर्ट बदललेले असतात, शाखांमधल्या कर्मचाऱ्यांना पुन्हा प्रशिक्षण द्यावं लागतं, म्हणून बँक ते पुढे ढकलते आणि जुनी डीएलएल तशीच राहते. सुरक्षेची दुरुस्ती आणि नव्या सोयी यांची गाठ मारू नका. आमच्याकडे आज जी आवृत्ती चालते तिच्यासाठी, फक्त लायब्ररी बदललेला, तपासलेला पॅच द्या. तो एएमसीतच यायला हवा. आम्ही जी गोष्ट विकत घेतली ती सुरक्षित राहावी यासाठीच तर एएमसी भरतो.

‘चालतंय ते हलवू नका’ हा सल्ला मी तुमच्या इंजिनिअरांकडून कायम ऐकतो. त्यात अनुभव आहे, हे मी नाकारत नाही. लायब्ररी बदलली आणि महिनाअखेरीला व्याजाची पोस्टिंग अडकली, तर रात्रभर जागतं कोण हे मला ठाऊक आहे. मार्च २०२४ नंतर या सल्ल्याला नवा आधारही मिळाला: एक्सझेड या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या अगदी नव्या आवृत्त्यांमध्येच कुणीतरी चोरदरवाजा बसवलेला निघाला, तेव्हा जुनंच बरं असं काहीजण म्हणू लागले. पण त्या वेळी लवकर मोकळं कोण झालं? ज्यांना आपल्याकडे नेमकी कुठली आवृत्ती आहे हे माहीत होतं ते. त्यांना उत्तर द्यायला काही मिनिटं पुरली. आपल्या पॅकेजमध्ये काय आहे हेच ज्यांना माहीत नव्हतं त्यांना ते जुनं आहे की नवं हेही सांगता येत नव्हतं. अपडेटची भीती कमी करण्याचा उपाय म्हणजे चाचण्या वाढवणं आणि थोडेथोडे अपडेट वारंवार करणं. दहा वर्षांचं अंतर एका उडीत पार करायला गेलं की मोडतोड होणारच.

आणखी एक विनंती, जिचा आमच्या बँकेशी थेट संबंध नाही. तुम्ही ज्या लायब्ररींवर धंदा उभा केला आहे त्यांतल्या कित्येक एक-दोन माणसांच्या फावल्या वेळावर चालतात. झेडलिब १९९५ पासून आहे, आणि ज्याँ-लू गायी आणि मार्क ॲडलर या दोघांची नावं तिच्या प्रत्येक प्रतीत आहेत. अशा लोकांना पैसे द्या, तुमच्या एखाद्या इंजिनिअरचा वेळ द्या, सापडलेला दोष स्वतःच्या प्रतीत गुपचूप दुरुस्त करून न ठेवता मूळ ठिकाणी कळवा. पुण्या-मुंबईतल्या कंपन्यांमध्ये सी उत्तम येणारी मुलं-मुली आहेत. या कामासाठी त्यांना आठवड्यातले काही तास मोकळे द्यायला काय हरकत आहे?

२०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला होऊन ९४ कोटी रुपये गेले, तेव्हापासून राज्यातल्या प्रत्येक सहकारी बँकेचं संचालक मंडळ आमच्यासारख्यांना ‘आपण सुरक्षित आहोत ना?’ असं विचारतं. तो हल्ला मुख्यतः एटीएम स्विचच्या मार्गाने झाला होता, या पत्रातल्या विषयाशी त्याचा संबंध नाही. पण प्रश्न तेव्हापासून विचारला जातो, आणि उत्तर देताना तुमच्या फोल्डरपाशी येऊन माझे शब्द थांबतात. रिझर्व्ह बँक नियमांचा बोजा आमच्यावर टाकते, ऑडिटर आमच्याकडे येतो, ठेवीदार आमच्या दारात उभा राहतो. आतल्या प्रती बदलण्याचा अधिकार मात्र फक्त तुमच्याकडे आहे.

नियमही आता त्याच दिशेने निघाले आहेत. सर्ट-इनने ऑक्टोबर २०२४ मध्ये एसबीओएमची मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि २०२५ मध्ये ती वाढवली. सेबीने ऑगस्ट २०२४ च्या सायबर चौकटीत महत्त्वाच्या प्रणालींसाठी एसबीओएम घ्यायला सांगितलं आहे. युरोपचा सायबर रेझिलियन्स ॲक्ट ११ डिसेंबर २०२७ पासून पूर्ण लागू होईल. तिथे विकल्या जाणाऱ्या डिजिटल उत्पादनाच्या कागदपत्रांत घटकांची यादी ठेवावी लागेल, सुरक्षेचे अपडेट सर्वसाधारणपणे विनामूल्य द्यावे लागतील, आणि शक्य असेल तिथे ते नव्या सोयींपासून वेगळे ठेवावे लागतील. मी वर ज्या गोष्टी मागितल्या आहेत त्यांतल्या मुख्य गोष्टी या कायद्यात आहेत. तुमच्यापैकी काहींचे ग्राहक युरोपात आहेत, आणि त्यांच्यासाठी ही तयारी तुम्हाला करावीच लागणार आहे.

तिथल्या ग्राहकासाठी जी यादी तयार कराल, तीच आम्हालाही द्या. पुढच्या एएमसीच्या बिलाला जोडून पाठवलीत तरी चालेल.

कळावे,

आपला विश्वासू,
एका नागरी सहकारी बँकेचा संगणक विभागप्रमुख